मैनाबाईची हरकत

नवाटोल्याची घरपट्टी यापुढे नवाटोल्यानेच ठरवायची, असा कागद ज्या दिवशी आला, त्या दिवशी सरपंच भैय्याजी तो घेऊन सायकलवरून सगळी वस्ती फिरले. वाचून कुणालाच दाखवला नाही, कारण चष्मा घरी राहिला होता. पण जो भेटेल त्याला कागदावरचा गोल शिक्का मात्र दाखवला. "अब कोई बाबू नहीं आएगा," ते सांगत होते. "आता आपणच बाबू!"

मरोदा गावाच्या पुढे, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या लांबलचक भिंतीपलीकडे नवाटोला वसला होता. निम्मी माणसं इथलीच, ज्यांची शेतं कारखान्यात गेली ती. भैय्याजी त्यांच्यातले. उरलेली निम्मी भंडारा, बालाघाट, चांद्याकडून ठेकेदारांच्या मागे आलेली. ज्यांना पक्की नोकरी लागली ते कारखान्याच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरात गेले. ज्यांना नाही लागली त्यांनी नवाटोल्यात चार भिंती उभ्या केल्या, आणि पाहता पाहता दीडशे घरं झाली.

आजवर वर्षातून एकदा वरून एक बाबू यायचा. भैय्याजींच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि तिथूनच सगळ्या घरांना एक आकडा लावायचा. धोंडबा किराणावाल्याच्या माडीला जेवढा, तेवढाच ताडपत्रीच्या झोपडीला. त्याने वस्ती कधी पाहिली नाही. चहा मात्र तीनदा प्यायचा. आणि गोळा झालेला पैसा कुठे जायचा, ते कुणाला ठाऊक नव्हतं. नवाटोल्यात तर तो परत आलेला दिसला नव्हता. सगळ्या वस्तीला मिळून सडकेवरचा एक नळ, आणि त्याच्यापुढे बायकांची ही रांग.

रविवारी सभा भरली. पक्क्या घराला किती, अर्ध्या पक्क्याला किती, कच्च्याला किती, यावर दुपार गेली. कच्च्या घरातल्या विधवेला माफी, हे मात्र एका झटक्यात ठरलं. आणि पहिल्या वर्षीच्या पट्टीतून विहीर खोदायची, यावर तर बायकांनी कुणाला बोलूच दिलं नाही. अडलं ते एकाच गोष्टीवर. कुणाचं घर कोणत्या वर्गात, हे ठरवणार कोण? धोंडबा म्हणाला, प्रत्येकानं आपलं आपण सांगावं. त्यावर सगळे इतके हसले की तो खाली बसला.

तेव्हा बायकांच्या गर्दीतून मैनाबाई उठली.

"ज्यानं भिंती बांधल्या, त्यालेच भिंतीची किंमत समजते," ती म्हणाली. "आपले मिस्तरीभाऊ हायेत ना, जानरावभाऊ. त्याईलेच फिरू द्या घरोघरी."

जानराव गवंडी कोपऱ्यात बिडी ओढत बसला होता. आपलं नाव ऐकून त्याने बिडी विझवली. कुणी विरोध केला नाही. विरोध करण्यासारखा माणूसच नव्हता तो. तुमसरजवळच्या एका कुणब्याच्या घरचा धाकटा मुलगा, वाट्याला जमीन आली नाही म्हणून थापी हातात घेतलेला. छप्पन्नच्या थंडीत भिलाईला आला आणि भट्ट्यांच्या पायापासून क्वार्टरांच्या भिंतींपर्यंत सगळं बांधलं. रशियन साहेबसुद्धा त्याच्या विटांच्या जोडाईवर बोट फिरवून मान हलवायचे. तो कमी बोलायचा, आणि बोललेलं मोडायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून जानराव कामावरून सुटला की वही, टेप आणि ओळंबा घेऊन वस्तीत फिरू लागला. सोबतीला भैय्याजी, लिहायला. आता लोक काय काय करतात ते पाहायला मिळालं. एकाने छपरावरचे मातीचे कवेलू उतरवून गवत टाकलं. एकाने विटांच्या भिंतीला शेणमातीचा जाड लेप दिला.  जानराव बोटाच्या पेराने भिंत वाजवायचा, टाचेने जमीन ठोकायचा आणि म्हणायचा, "भैय्याजी, लिहा. पक्कं." घरमालक ओशाळून हसायचा आणि चहा ठेवायला सांगायचा. धोंडब्याच्या घरी तर वेलची घातलेला चहा झाला. तो पिऊन जानराव माडीचा जिना चढला, त्याने वरच्या दोन्ही खोल्या मोजल्या आणि उतरून आला.

"वर त फक्त धान्य असते, जानरावजी," धोंडबा म्हणाला. "मानूस निजत नाई तिथं."

"धान्य नशीबवान हाये," जानराव म्हणाला आणि भैय्याजींना माडी लिहायला सांगितली.

प्रत्येक घरात तो शेवटच्या खोलीपर्यंत गेला. चुलीपाशी गेला, परसात गेला. काम आवडू लागलं होतं त्याला. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या, पण बांधून झाल्यावर आत कोण कसं राहतं ते आजवर पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते मैनाबाईच्या दाराशी आले.

मैनाबाई पवनीकडची. नवरा फकिरा आणि ती, दोघंही ठेकेदाराकडे होते. छप्पन्नला नागपूरला जाऊन दोघांनी दीक्षा घेतली आणि तिथून गावी परत न जाता सरळ भिलाईची गाडी धरली. पाच वर्षं ती जानरावच्या हाताखाली रेजा, म्हणजे गारा-विटा वाहणारी मजूर, होती. त्याच्या हाताला कधी गाऱ्याची वाट पाहावी लागली नाही. "बाई, घमेलं" असं त्याने म्हणायच्या आत घमेलं पुढ्यात असायचं. तो आजारी पडला तेव्हा मुकादमाशी भांडून त्याची हजेरी तिनेच टिकवली होती. फकिरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला, तेव्हा जानराव तीन दिवस कामावर गेला नव्हता. ती त्याला भाऊ म्हणायची, आणि बहीण म्हणावं असं त्यालाही दुसरं कुणी नव्हतं.

घर समोरून मातीचं होतं. पावसापाण्याने ओघळलेली बुटकी भिंत आणि वर गवताची पडवी.

"या भाऊ, आत या," मैनाबाई म्हणाली. "चहा ठेवला हाये."

"राहू दे बाई. आज अजून पाच घरं बाकी हायेत," जानराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. समोरच्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि भैय्याजींकडे वळला. "लिहा. कच्चं. विधवा. माफ."

 मैनाबाई दारात उभी राहून पाठमोऱ्या त्या दोघांकडे पाहत राहिली.

जानरावला त्या संध्याकाळी बरं वाटत होतं. घरी त्याची बायको रुक्मा सुपात तांदूळ निवडत बसली होती. "मैनाबाईले माफी लिहून आलो," तो म्हणाला. "बिचारी एकटी. तिले कायले भार?"

रुक्माने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आत गेलते का?"

"बाहेरूनच दिसते ना."

"धोंडब्याच्या घरी त वरपर्यंत गेलते म्हणता."

"त्याची माडी हाये."

रुक्मा पुन्हा सुपाकडे वळली. जानराव हातपाय धुवायला उठला, पण का कोण जाणे, मघाचं ते बरं वाटणं जरा ओसरलं होतं.

महिनाभरात यादी तयार झाली. त्यानंतरच्या रविवारी कडुलिंबाखाली भैय्याजींनी, या वेळी चष्मा लावून, एकेक घर मोठ्याने वाचलं. ज्याला पटलं नाही त्याने हरकत सांगायची आणि सगळ्यांसमोर तिचा निकाल लावायचा, असं ठरलेलं होतं.

पहिली हरकत धोंडब्याची. माणूस निजत नाही ते घर कसलं, हेच त्याने पुन्हा सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मग मी निजतो तुया माडीवर, आजपासून!" हशा पिकला आणि माडी कायम झाली. मग दोघातिघांच्या बारीकसारीक हरकती झाल्या. भैय्याजी वही मिटणार, तेवढ्यात मैनाबाई पुढे आली. पांढरं धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात काही नाही.

"मैनाबाई, तुम्हारा तो माफ है," भैय्याजी म्हणाले. "तुमची कायची हरकत?"

"म्हणूनच त आली, जी. माझं घर कच्चं लिहिलं. माझं घर कच्चं नाई. पक्कं हाये थे."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. धोंडब्याला तर राहवेना. "अवो बाई, लोकं पट्टी कमी करासाठी हरकत घेतात. तू वाढवासाठी घेऊन राहिली?"

"हो. वाढवासाठीच घेऊन राहिली."

भैय्याजींनी चष्मा काढला. "सोच लो, बाई. माफी जाईल."

"जाऊ द्या." मैनाबाईने पदर सारखा केला. "आमच्या गावात पंचायतीच्या वहीत दोनशे घरं होती. आमची बावीस घरं त्यात नव्हती. नकाशावर नुसतं लिहिलं होतं, पलीकडची वस्ती. कोनाचं घर, कसं घर, कोनी पाहाले आलं नाई. घर कच्चं असो का पक्कं, आमी आपले पलीकडचे. इथं पैल्यांदा आमचं घर नावानं लिहिलं गेलं. त थे खरं लिहा, एवढंच म्हणते."

मग ती जानरावकडे वळली.

"मिस्तरीभाऊ, तुमचं नाव मीच सुचवलं. तुमी दीडशे घरांत आतपर्यंत गेले. माझ्याच घरी दारातून कावून लिहिलं? थो बाबू झाडाखालून लिहीत होता, तुमी दारातून लिहिलं. फरक काय झाला मंग?"

आवाज चढला नव्हता. राग असता तर जानरावला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं. तिने हे असं विचारलं होतं, जसं कामावर ती विचारायची, भाऊ, हा थर वाकडा कावून गेला?

जानराव उभा राहिला. एकटी बाई, भार नको म्हणून. वेळ नव्हता म्हणून. समोरून मातीचं दिसलं म्हणून. तिन्ही उत्तरं त्याच्या जिभेवर होती आणि तिन्ही खोटी नव्हती. पण त्या पाच वर्षांत तिच्या हातचा गारा, तिच्या हातच्या विटा त्याने हजारदा घेतल्या होत्या, आणि दुपारच्या सुट्टीत मात्र आपला डबा आणि आपला तांब्या घेऊन वेगळ्या सावलीला बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं. घरी लहानपणापासून पाहिलेलं तेच पायांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी उंबऱ्याशी पाय आपोआप थांबले. माफी लिहिताना आपण तिच्यावर माया करतोय असंच त्याला वाटलं होतं. मायाही होती. पण ती उंबऱ्याबाहेर उभी होती.

"चूक झाली," तो म्हणाला.  "भैय्याजी, वही घ्या. बाई, चाल. मले दाखव तुझं घर."

निम्मी सभा मागे निघाली. मैनाबाईच्या दाराशी मात्र सगळे थांबले आणि जानराव वाकून आत शिरला.

पडवी ओलांडली आणि तो जागच्या जागी उभा राहिला. समोरची मातीची भिंत तेवढी राहिली होती. बाकी तिन्ही बाजूंनी विटा होत्या, चुन्यात घट्ट बसवलेल्या. खाली सिमेंटचा कोबा, इतका घोटलेला की खिडकीचा उजेड त्यावर लख्ख पडला होता. वर कवेलू, त्याखाली सरळ रेषेत बसवलेले वासे. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर घासलेली पितळी भांडी.

"हे कवा झालं?"

"रविवार-रविवार. भट्टीवरच्या तुटक्या विटा कमी भावात भेटत. मी आन् हे, दोघं मिळून. पाऊस मागून मारते म्हणून मागूनच सुरू केलं. पुढं येता येता हे गेले. समोरची राहून गेली."

जानरावने खिशातून ओळंबा काढला. वरच्या थराला दोरी लावली आणि वजन खाली सोडलं. ते हेलकावे खात थांबलं. वरपासून खालपर्यंत भिंत दोरीला धरून होती. एक सूतही ढळली नव्हती. दुसरी भिंत पाहिली. तीही तशीच.

"कोनी शिकवलं तुले?"

"तुमीच. पाच वर्षं घमेलं देता देता पाहत होती. सुतळीले नट बांधून ओळंबा केला होता मी."

तिसऱ्या भिंतीशी तो थांबला. मधल्या थरांत भिंत फुगून पोट आलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"थे हे गेल्यावरचं हाये," मैनाबाई म्हणाली. "तवा हात चालत नव्हता."

जानरावने त्या भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गवंड्याला दुसऱ्याच्या भिंतीत चूक दिसली की तो बोलतो.  तो मात्र खाली बसला, कोब्यावरच, भिंतीला टेकून.

"पानी दे ना, बाई," तो म्हणाला.

मैनाबाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली.  माठातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. जानरावने तो वरून न ओतता तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला. पाण्याला पाण्याचीच चव होती. चाळीस वर्षांच्या माणसाला एवढं कळायला एवढा वेळ लागावा, याची त्याला लाज वाटली, आणि थोडं हसूही आलं.

दारात रुक्मा उभी होती. गर्दीतून वाट काढून पुढे आली होती. तिने आत पाहिलं, कोबा पाहिला, चपला बाहेर काढल्या आणि सरळ आत येऊन मैनाबाईशेजारी बसली. "मलेही दे वो," ती म्हणाली. "घसा सुकला उन्हात."

बाहेर येऊन जानरावने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भैय्याजी, लिहा. मैनाबाई फकिरा. घर पक्कं. बांधणारी, स्वतः."

"बांधलं कोणी, असा रकाना नाही वहीत," भैय्याजी म्हणाले.

"मग कोपऱ्यात लिहा."

भैय्याजींनी कोपऱ्यात लिहिलं.

याचा वस्तीवर परिणाम झाला, पण गोष्टीत होतो तसा सगळ्यांवर नाही. त्याच संध्याकाळी तिघं जण भैय्याजींकडे जाऊन आपली मागची खोली लिहायची राहिली, असं आपणहून सांगून आले. एक तर गवत काढून कवेलू पुन्हा चढवू लागला. गळत होतं म्हणून, असं त्याने सांगितलं. धोंडबा मात्र बधला नाही. माडीची पट्टी तो भरायचा आणि भरताना दरवेळी म्हणायचा की ही धान्याची पट्टी आहे, माणसाची नाही. मैनाबाईने आपली पट्टी पहिल्या दिवशी भरली. पावती घडी करून तिने कुठे ठेवली, कुणाला ठाऊक नाही, पण सेक्टर दोनमधून तिची भाची कांता आली की ती पावती बाहेर निघायची आणि कांताकडून वाचून घेतली जायची.

विहिरीची जागा ठरवायला तीन सभा लागल्या. कुणाला आपल्या दाराशी हवी होती, कुणाला दाराजवळ मुळीच नको होती. शेवटी जानराव म्हणाला, जिथून कुणालाही पाणी भरता येईल अशा ठिकाणी खोदा, आणि हे बोलताना तो मैनाबाईकडे पाहत होता, ते सगळ्यांना समजलं. विहिरीची आतली बांधणी त्यानेच केली. पण या वेळी मैनाबाईने घमेलं उचललं नाही. ती समोरून जोडाई करत होती. एका बाजूने त्याचा थर, दुसऱ्या बाजूने तिचा. दोघांचे थर भेटले तिथे कुठली वीट कुणाची, हे विहिरीत उतरून पाहिलं तरी सांगता आलं नसतं.

रुक्माला त्या दिवसापासून कोब्याचा ध्यास लागला होता. "माझ्याही घरी कोबा पायजे," ती जेवताना म्हणायची.

"पट्टी वाढेल."

"वाढू द्या. मैनाबाई नाई भरत?"

शेवटी जानरावने कोबा घातला. घोटायला मैनाबाईच आली, आणि दोघी बायका दोन दुपार गप्पा मारत घोटत बसल्या. जानरावला सिमेंट कालवण्यापलीकडे कुणी काही करू दिलं नाही.

तीन वर्षांनी घरांची पुन्हा आकारणी निघाली, तेव्हा सभेने जानरावच्या जोडीला मैनाबाईला नेमलं. ती त्याच्यापेक्षा कडक निघाली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पैले तुमचं घर, भाऊ. मंग लोकाईचं."

खोल्या मोजल्या, कोबा मोजला. ते जानरावला मान्य होतं. मग ती परसात गेली आणि म्हशीसाठी नव्याने उभ्या केलेल्या विटांच्या गोठ्यापुढे उभी राहिली.

"हा त गोठा हाये, बाई," जानराव घाईने म्हणाला. "मानूस राहत नाई तिथं."

मैनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. रुक्मा तोंडाला पदर लावून आत पळाली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

"भैय्याजी," मैनाबाई म्हणाली, "लिहा. गोठा, पक्का."

पुढच्या घराला जाईपर्यंत जानराव गोठ्यावरून तिच्याशी वाद घालत होता, आणि ती पदर खोचून, टेप गुंडाळत, त्याच्या दोन पावलं पुढे चालली होती.